निरोगी गर्भाशयांचे अहवाल

आमच्या नाताळ अंकाचे संपादक फोनवर म्हणाले, "साळवेबाई, लॅबमधल्या गमतीजमती लिहा. जरा हलकंफुलकं. सणाचा अंक आहे." मी हो म्हटलं आणि चार दिवस केडगावच्या घरी टेबलाशी बसून राहिले. गमती आठवल्या, नाही असं नाही. पण पेन उचलला की मंगलचं तोंड पुढं यायचं आणि माझं डोकं तापायचं. तेव्हा संपादकांची आधीच माफी मागते. हा लेख रागाचा आहे. सणाला चालत नसेल तर छापू नका, पण मऊ करून छापू नका.

नगरमधल्या एका खाजगी पॅथॉलॉजी लॅबमध्ये मी एकतीस वर्षं टेक्निशियन होते. रक्त आणि लघवी तपासणारे लोक पुढच्या खोलीत बसायचे, त्यांना सगळं गाव ओळखायचं. मी मागच्या खोलीत. तिथं माणसाच्या अंगातून कापून काढलेला भाग बरणीतून यायचा. फॉर्मॅलिनमध्ये बुडवलेला, कारण अंगाबाहेर आलेलं मांस तासाभरात बिघडायला लागतं. आमचे डॉक्टर पटवर्धन सर त्यातले हवे तेवढे तुकडे कापून द्यायचे. मग माझं काम सुरू. तुकड्यातलं पाणी काढायचं, त्यात मेण भरायचं, त्या मेणाची वडी करायची आणि मशीनवर तिचे इतके पातळ काप घ्यायचे की फुंकर मारली तर उडून जातील. ते काप कोमट पाण्यावर तरंगतात. खालून काच घालून अलगद उचलायचे. जांभळा आणि गुलाबी असे दोन रंग चढवायचे आणि काच सरांच्या मायक्रोस्कोपखाली ठेवायची. सर बघायचे, बोलायचे; मी टाईप करायचे. रोग आहे की नाही, हे त्या कागदावर ठरायचं.

बाहेरच्या माणसाला वाटतं, आम्ही काय मोठमोठे गोळे बघत असू. खरं म्हणजे आमचं निम्मं आयुष्य अस्तर बघण्यात जातं. शिवलेल्या कोटाला जसं आतून अस्तर असतं तसं शरीरातल्या प्रत्येक पोकळीला आणि प्रत्येक नळीला असतं, आणि बाहेरून कातडी असते ती वेगळीच. शाळेच्या पुस्तकात त्याला अभिस्तर ऊती म्हणतात. मुलं नावं पाठ करतात आणि परीक्षेनंतर विसरतात. मी ती नावं रोज बघितली, म्हणून विसरले नाही. कॅन्सर बहुतेक वेळा या अस्तरातच सुरू होतो. म्हणून अस्तर वाचता आलं तर माणूस वाचतो.

सोनईचे एक शिक्षक होते. गालात आतून पांढरा डाग, तंबाखूचा. दाढेजवळचा डाळीएवढा तुकडा आमच्याकडे आला. तोंडाचं अस्तर थरांचं असतं, चपट्या पेशी एकावर एक रचलेल्या, फरशीच्या ढिगासारख्या. भाकरी, मिरची, हाड, सगळ्याचं घासणं सोसायला तसंच अस्तर लागतं. वरचे थर झिजतात, खालून नवे येतात. गुरुजींच्या काचेत तळाचे थर वेडेवाकडे झाले होते, पण खालची हद्द त्यांनी ओलांडली नव्हती. सर म्हणाले, "आत्ता आला म्हणून वाचला." गुरुजी वाचले. अजून नाताळला त्यांचा फोन येतो.

उलटंही झालं. कर्जतकडचे एक आजोबा बायकोच्या पोटातली गाठ मधाच्या रिकाम्या बरणीत साध्या पाण्यात घालून घेऊन आले. गावच्या दवाखान्यात त्यांना तसंच दिलं होतं. दीड दिवस प्रवास आणि मुक्काम. झाकण उघडल्यावर खोलीत थांबवेना. मी काप घेतले, रंग दिला, काचेवर नुसता गुलाबी चिखल दिसला. अस्तर सगळ्यात आधी सडतं. आजोबा बाकावर बसून विचारत होते, "काय निघालं वो?" आता काहीच निघणार नाही, हे त्यांना सांगायला सर बाहेर आले नाहीत. मला पाठवलं. त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं की या धंद्यात चूक कोणी करो, बाकावरच्या माणसाशी बोलायला मागच्या खोलीतल्या बाईलाच जावं लागतं.

आता मुद्द्याचं.

एका वर्षी उन्हाळ्यात एका तालुक्याच्या गावातल्या हॉस्पिटलमधून गर्भाशयाच्या बरण्या यायला लागल्या. गावाचं आणि हॉस्पिटलचं नाव मी लिहीत नाही. आधी आठवड्याला एखादी. मग दोन, तीन, एकदा एकाच दिवशी चार. साखर कारखान्यांचा हंगाम संपून ऊसतोडीची माणसं गावी परत येतात ते दिवस. बरणीबरोबरच्या चिठ्ठीवर वय असतं. एकतीस. अठ्ठावीस. सव्वीस. कारणाच्या रकान्यात प्रत्येक वेळी तेच: अंगावरून पांढरं जाणे, पोटात दुखणे.

गर्भाशयाची एक बरणी म्हणजे अस्तरांचं अख्खं पुस्तक असतं. तोंडाशी, म्हणजे ज्याला ग्रीवा म्हणतात तिथं बाहेरच्या बाजूला, थरांचं जाड अस्तर. तिथंही घर्षण असतं, म्हणून. थोडं आत गेलं की एकदम उंच खांबांची एकच रांग सुरू होते. त्या पेशी चिकट स्राव करतात आणि दार बंद ठेवतात. ही दोन अस्तरं जिथं भेटतात ती रेघ आम्ही फार जपून बघायचो, कारण गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर बहुधा त्या रेघेवरच उगवतो. आत गर्भाशयाचं स्वतःचं अस्तर, ग्रंथींनी भरलेलं, दर महिन्याला वाढणारं आणि गळून जाणारं. बाजूच्या नळ्यांत खांबांना बारीक केस असतात. ते एका दिशेनं हलून बीज पुढं ढकलतात. आणि अंडाशयावरून घनाकृती पेशींची एकच पातळ ओळ. चार-पाच प्रकारची अस्तरं, प्रत्येकाचं काम वेगळं, आणि सगळी एका ओंजळीत मावतील एवढ्या जागेत.

त्या बरण्यांमधली ही सगळी अस्तरं निरोगी होती. मी डॉक्टर नाही. पण पंचवीस वर्षं तेच बघितलेल्या बाईला चांगलं आणि वाईट कळतं. रंग नीट चढलाय का हे बघायला मी काच माझ्या जुन्या मायक्रोस्कोपखाली धरायचे. रेघ स्वच्छ. ग्रंथी नीट. अंडाशयात बीजं तयार होत असलेली. सव्वीस वर्षांच्या बाईचं अंडाशय, जे अजून वीस वर्षं तिची हाडं आणि तिचं काळीज सांभाळणार होतं, ते माझ्या पाटावर कापून पडलेलं.

सर अहवाल सांगायचे, मी टाईप करायचे. शेवटची ओळ बहुतेक वेळा एकच असायची: क्रॉनिक सर्व्हिसायटिस. म्हणजे ग्रीवेला जुनी, किरकोळ सूज. मूल झालेल्या जवळजवळ प्रत्येक बाईच्या ग्रीवेत ती सापडते. माझ्यातही सापडेल. तिला आठवडाभराच्या गोळ्यासुद्धा बऱ्याचदा लागत नाहीत.

एकदा मी विचारलं, "सर, या बायकांना झालंय काय? पिशवी का काढली?"

सर चष्मा पुसत म्हणाले, "साळवेबाई, आपण जे दिसतं ते लिहितो. का काढली, हे काढणाऱ्यानं बघायचं."

"पण सूज लिहिली की आजार होता असं वाटतं."

"सूज आहे. मी खोटं लिहीत नाही."

खोटं नव्हतंच ते. म्हणून तर मी गप्प बसले. दोन उन्हाळे मी ती ओळ टाईप केली. हे मी लपवणार नाही.

तिसऱ्या वर्षी मंगल आली. चैत्र असेल. कारखान्याचा पट्टा पडून, म्हणजे हंगाम संपून, माणसं नुकतीच परतली होती. पुढच्या काउंटरवरच्या पोरीनं मला हाक मारली, "बाई, एक पेशंट आलीय, जुना रिपोर्ट घेऊन. म्हणते मला समजावून सांगा, आणि उठतच नाही."

पाथर्डीच्या पुढच्या एका गावची. वय तीस, दिसायची पंचेचाळीसची. काळीसावळी, हाडं वर आलेली, मनगटावर उसाच्या पाचटानं कापल्याच्या पांढऱ्या रेघा. पदरानं सारखा गळा पुसत होती. हातात घडी पडून फाटायला आलेला आमचाच अहवाल.

"बाई," ती म्हणाली, "हितं माज्या पिशवीत काय निघालं त्ये लिवलंय म्हनं. मला विंग्रजी येत न्हाई. सहावी शिकले मी. काय निघालं तेवढं सांगा."

"तुमच्या डॉक्टरांनी नाही सांगितलं?"

"त्यो म्हनला, कॅन्सर व्हनार हुता, काढली म्हनून वाचली. मंग वाचले तर अशी का झाले? अंगातनं वाफा निघत्यात. गुडघं धरत्यात. कोयता उचलंना झालाय. या सालाला अर्ध्यातनंच घरी धाडलं मला. नवरा म्हनतो सोंग करती. आन कॅन्सर हुता तर त्यो अजून कुठं ऱ्हायला असंल का, ह्या भ्यानं मला झोप न्हाई."

मी अहवाल बघितला. खाली माझ्याच टाईपची ती ओळ. तिला आत मागच्या खोलीत बोलावलं. स्टुलावर बसवून पाणी दिलं आणि विचारलं, काढायच्या आधी काय त्रास होता.

"पांढरं जायचं. खाज यायची. तिथं उसाच्या फडात पानी कुठं असतंय बाई, धुवायचं कसं. दवाखान्यात गेल्ते, त्यानं पोटावर यंत्र फिरवलं आन म्हनला, पिशवी खराब झालीय. तोडीला नेनारा मुकादमबी म्हनला, काढून टाक, कटकट जाईल. पाळीत एक दिस बसलं की खाडा पडतोय, त्येचा दंड घेत्यात. दोन लेकरं हुती. मी म्हनलं, आता कशाला ठिवायची."

"आतून कापसानं किंवा ब्रशनं पुसून काही तपासायला घेतलं होतं?"

"न्हाई."

ही तपासणी इतकी साधी आहे की लिहिताना माझे दात कचकचतात. ग्रीवेच्या त्या रेघेवरच्या पेशी बारीक ब्रशनं पुसून घ्यायच्या आणि काचेवर लावायच्या. दोन मिनिटांचं काम, दुखत नाही. कॅन्सरची भीती खरी असती तर आधी ते केलं असतं. ज्याला कॅन्सर शोधायचा असतो तो ब्रश वापरतो. ज्याला ऑपरेशन करायचं असतं तो भीती वापरतो.

मग मी एक गोष्ट केली जी लॅबमध्ये कोणी करत नाही. अहवालावरच्या नंबरानं कपाटातून मंगलच्या काचा काढल्या. आम्ही त्या वर्षानुवर्षं जपून ठेवतो. मायक्रोस्कोपखाली एक लावली आणि तिला म्हटलं, "ये, बघ. एक डोळा मीट. ही तुझीच आहे."

तिला आधी काही दिसेना. मग ती आणखी खाली वाकली.

"अगं बया. ह्ये माजं हाय?"

"तुझंच. हे गर्भाशयाचं अस्तर. हे गोल गोल दिसतंय ना, त्या ग्रंथी. बाळ रुजायला ओल लागते, ती त्या तयार करतात."

"जांभळं जांभळं. नक्षी काढल्यावानी दिसतंय. आन कॅन्सर कुठशीक हाय?"

"नाही."

"म्हंजी दुसऱ्या काचेत हाय?"

मी एकेक काच लावून दाखवली. ग्रीवेची रेघ, नळीतले केस, अंडाशय. "कुठंच नाही, मंगल. नव्हताच. जरा सूज होती, ती प्रत्येकीला असते. गोळ्यांनी गेली असती. पिशवीबरोबर अंडाशयंही काढली, म्हणून तुझ्या अंगातून वाफा निघतात आणि हाडं दुखतात."

मला वाटलं, ती रडेल. रडली नाही. स्टुलावरून उठली, परत बसली.  मग अगदी शांतपणे म्हणाली, "चांगली हुती, मंग काढली कशापायी?"

या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडं होतं आणि तिच्याकडंही होतं. 

त्याच दुपारी मी सरांच्या खोलीत गेले. एकतीस वर्षांत त्यांच्यापुढं आवाज चढवला तो त्या एका दिवशी. मी म्हटलं, "सर, यापुढं नुसती सूज मी टाईप करणार नाही. गर्भाशयाचं अस्तर निरोगी, अंडाशय निरोगी, कॅन्सर नाही, कॅन्सरपूर्व बदल नाहीत, आणि ही सूज नेहमी आढळणारी आहे, हे सगळं लिहायचं. पहिल्या ओळीत."

सरांनी समोरचे अहवाल बाजूला सारले. वाईट माणूस नव्हता तो. भित्रा होता. शेवटी म्हणाले, "लिहा."

आम्ही लिहायला लागलो. मोठ्या अक्षरात, पहिल्या ओळीत. पंधरा दिवस मी ताठ मानेनं लॅबमध्ये वावरले. मग त्या हॉस्पिटलच्या बरण्या यायच्या बंद झाल्या. मला वाटलं, घाबरले, ऑपरेशनं थांबली. तिथल्या एका नर्सबाई आमच्या ओळखीच्या निघाल्या. त्यांच्याकडून कळलं, ऑपरेशनं तशीच चालू होती. काढलेली गर्भाशयं आता कुठंच तपासायला जात नव्हती. कचऱ्याच्या पिशवीत जात होती. आमच्या प्रामाणिकपणाचा एवढाच परिणाम झाला की पुरावा नाहीसा झाला.

दरम्यान मंगल स्वस्थ बसली नव्हती. तिनं आपल्या आणि शेजारच्या गावातल्या चार बायका गोळा केल्या. आमचे जुने अहवाल प्रत्येकीच्या ट्रंकेत होतेच. पाच जणींनी मिळून तक्रारअर्ज दिला. तो लिहून दिला मी, सह्या त्यांच्या. खूप खेटे घातल्यावर चौकशी लागली. तालुक्याच्या एका सरकारी कचेरीत, सकाळी अकराला. सरांनाही बोलावलं होतं. आदल्या दिवशी त्यांनी मला सांगितलं, "साळवेबाई, माझं ब्लडप्रेशर वाढलंय. तुम्ही जा. अहवालावर माझी सही आहेच." त्या दिवसापासून मी त्यांना नमस्कार केला तो फक्त रीत म्हणून.

मी गेले. कापडी पिशवीत गुंडाळून माझा जुना मायक्रोस्कोप आणि पाच जणींच्या काचा घेऊन एसटीनं गेले. पाच जणींपैकी दोघीच आल्या होत्या. बाकीच्यांना मुकादमानं निरोप धाडला होता, कोर्टकचेरी करणाऱ्या बायकांची नवरा-बायकोची जोडी पुढच्या सालाला तोडीला घेणार नाही म्हणून.

टेबलामागं तीन साहेब. एका बाजूला तो डॉक्टर. पांढराशुभ्र शर्ट, आवाज गोड. प्रत्येक वाक्यात "आमच्या या भगिनी". त्यानं फाईल उघडली आणि आमचेच अहवाल टेबलावर मांडले.

"साहेब, हे लॅबचे रिपोर्ट. मी लिहिलेले नाहीत. हे बघा, क्रॉनिक सर्व्हिसायटिस. प्रत्येकीचं. म्हणजे आजार होता, हे लॅबच सांगतेय. फडातल्या बायका, परत तपासणीला येत नाहीत. उद्या कॅन्सर झाला असता तर कोण जबाबदार? मी तर वाचवलं त्यांना."

मधल्या साहेबांनी माझ्याकडं बघितलं. "हे तुमच्या लॅबचे? टाईप कोणी केले?"

"मी."

"मग तक्रार काय आहे?"

मी उभी राहिले. म्हटलं, "साहेब, ही सूज आजार म्हणून धरत नाहीत. मूल झालेल्या शंभरातल्या बहुतेक बायकांत ती दिसेल. गर्भाशयाचं अस्तर निरोगी होतं, अंडाशयं निरोगी होती. मी काचा आणल्यात, मायक्रोस्कोप आणलाय. तुम्ही स्वतः बघा. कोणीही डॉक्टर बोलवा आणि दाखवा."

"बाई, तुम्ही डॉक्टर आहात?"

"नाही. टेक्निशियन आहे."

"मग खाली बसा. मत द्यायचा अधिकार डॉक्टरांना असतो."

मी बसले. हे लिहिताना अजूनही माझे कान तापतात. मी बसायला नको होतं. त्या तिघांच्या पुढ्यात तो मायक्रोस्कोप तासभर होता. एकाही साहेबानं डोळा लावला नाही.

तेवढ्यात मंगल उठली. तिला कोणी बोलायला सांगितलं नव्हतं.

"साहेब, ह्या बाई डाक्टर न्हाईत म्हनून त्यांचं आयकायचं न्हाई म्हनता. आन ह्यो डाक्टर हाय म्हनूनच मी ह्येचं आयकलं. तवा माजं ह्ये झालं. आता मी आयकू कुनाचं?"

 डॉक्टरनं फाईल बंद केली. साहेब म्हणाले, "तुमचं म्हणणं नोंदवून घेतलंय."

निकाल दोन महिन्यांनी आला. डॉक्टरला समज देण्यात आली. कागदपत्रं व्यवस्थित ठेवावीत अशी सूचना करण्यात आली. एवढंच. ऑपरेशन थिएटर काही दिवस बंद राहिलं, मग रंग देऊन परत उघडलं. आजही चालू आहे. मंगलची तब्येत गोळ्यांनी थोडी सावरली, पण हाडं गेली ती गेली. कोयता तिनं परत धरला नाही. नवरा आता दुसऱ्या एका बाईबरोबर जोडीनं तोडीला जातो. हंगाम संपला की परत येतो, हिच्याच घरात राहतो. ती म्हणते, येऊ दे.

लोक मला म्हणतात, तुम्ही तुमच्या परीनं केलंत की. मी केलं ते हे: दोन उन्हाळे एक अर्धवट खरी ओळ टाईप केली. त्या ओळीच्या आधारावर एक माणूस सुटला. पाच जणींच्या अहवालावर माझ्या बोटांचं काम आहे. राग त्या डॉक्टरवर आहे, साहेबांवर आहे, सरांवर आहे. पण तो माझ्याकडंही येतो, आणि यायलाच पाहिजे.

मी निवृत्त झाले. पहिल्याच ऑक्टोबरमध्ये, ऊसतोडीचे ट्रक निघायच्या आधी, मंगलचा फोन आला. "बाई, आमच्या गावात बायका जमवल्यात म्या. तुमी या. तुमची ती काच दाखवा." मी गेले. तेव्हापासून दर वर्षी जाते. सरकारी दवाखान्यातल्या सिस्टरही येतात, टेबल मांडून ज्यांना हवं त्यांची नावं लिहून घेतात आणि दुसऱ्या दिवशी दवाखान्यात त्यांची ब्रशची तपासणी करतात.

गेल्या ऑक्टोबरची गोष्ट. शाळेच्या व्हरांड्यात तीसेक बायका बसलेल्या. मी अस्तरांचं सांगत होते, थर आणि खांब आणि ग्रंथी, आणि माझ्याच लक्षात येत होतं की चेहरे कोरे पडताहेत. एका तरुण बाईनं अंगावर बाळ पाजता पाजता विचारलं, "ते समदं खरं बाई, पन पांढरं जातंय आन आग हुती, त्येचं काय करायचं?"

मी तोंड उघडायच्या आत मंगल पुढं झाली.

"तुला कधी तोंड आलतं का गं?"

"आलतं की."

"जीभ लाल, आग आग, मिरची खाववंना. मंग काय केलंस? जीभ कापून दिली का डाक्टरला?"

बायका हसल्या. ती बाईही हसली. मंगल हसली नाही.

"गोळ्या खाल्ल्या, बरी झालीस. तसंच ह्ये. आत बी तोंडावानीच कातडं हाय. त्ये आलं म्हंजी औशीद घ्यायचं. आन कुनी कॅन्सरचं भ्या घातलं तर म्हनायचं, आदी बुरुशीनं पुसून काचंवर दाव. न्हाई दावलं, तर उठून घरी यायचं."

एकतीस वर्षांत मला जे चार वाक्यांत सांगता आलं नव्हतं ते तिनं सांगितलं.

मागं खांबाला टेकून एक चाळिशीची बाई बसली होती. अंगावर बऱ्यापैकी लुगडं, गळ्यात डोरलं. मुकादमाची बायको, पारूबाई. ती आलेली बघून बायका आधी जरा बिचकल्याच होत्या. नवऱ्यानं पाठवलं असेल, कोण काय बोलतंय ते ऐकायला, असं मलाही वाटलं होतं. ती तिथूनच बोलली.

"माजी चोविसाव्या वर्षी काढली. पंदरा-सोळा वर्सं झाली. बाई, माज्यात बी काय नसंल का वो?"

सगळ्या बायका वळून तिच्याकडं बघायला लागल्या. मी विचारलं, कुठं काढली, अहवाल आहे का, तपासायला पाठवली होती का. तिच्याकडं एकही कागद नव्हता.

"मला माहीत नाही, पारूबाई," मी म्हटलं. "आता कोणालाच सांगता येणार नाही." खोटा धीर देणं सोपं होतं. पण अर्धवट खरं बोलून काय होतं ते मी बघितलं होतं.

तिनं मान हलवली.  मग शेजारी बसलेल्या पोरसवदा मुलीचा हात धरून उठली. ती तिची सून. बाविशीच्या पुढची नसेल, कडेवर एक लेकरू आणि पदराला धरून दुसरं. सून घाबरून म्हणाली, "आत्या, पन माजी पिशवी काढायला सोमवारची तारीख दिलीय. मामांनी डाक्टरला सांगितलंय."

"तुज्या मामांना मी बगते," पारूबाई म्हणाली. "सोमवारी न्हाई जायचं आपन." आणि सुनेला घेऊन ती सिस्टरांच्या टेबलासमोर रांगेत जाऊन उभी राहिली.